मस्जिद स्टेशनची मशीद

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत आमच्या घरचा एक ठरलेला फेरा असतो. असरची नमाज झाली की सगळे मिळून लोकलने निघायचे, मस्जिदला उतरायचे आणि खजूर, शेवया, सुका मेवा, मुलांचे कपडे अशी खरेदी करीत मोहम्मद अली रोडकडे सरकायचे. यंदा डबा खचाखच भरलेला होता. स्टेशनची पाटी दिसली तशी नववीत शिकणाऱ्या आमच्या पुतण्याने विचारले, "ही मस्जिद म्हणजे नेमकी कुठली?"

कोणी म्हणाले जामा मस्जिद, कोणी मिनारा मस्जिद, कोणी झकेरिया. रोह्याकडच्या आमच्या फुफी कडेला बसल्या होत्या. त्या तसबीह फिरवता फिरवता म्हणाल्या, "अरे, ती आपली नव्हे. ती इस्राएल लोकांची मशीद."

"म्हणजे यहुद्यांची?" पुतण्याचा चेहराच उतरला. "मग स्टेशनचे नाव बदलायला नको का?"

आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. आम्हीही हसलो, पण ते हसू घशात अडकले. गाझातल्या मुलांचे फोटो रोज मोबाईलवर पाहणारे ते पोर. त्याला रागावायचे तरी कोणत्या तोंडाने? स्टेशन आले, गर्दीत उतरलो आणि विषय तिथेच राहिला. ईद होऊन गेली तरी तो आमच्या मनातून गेला नाही. म्हणून या महिन्याचे सदर त्या एका प्रश्नाला दिले आहे.

आधी ती मशीद कोणी बांधली ते सांगितले पाहिजे. हकीकत टिपू सुलतानच्या काळातली आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत सामाजी हसाजी दिवेकर नावाचे एक हुद्देदार होते. नाव ऐकून कोणीही त्यांना कोकणातले मराठा गृहस्थ समजेल. त्यांचे धर्मातले नाव शमुएल इझिकेल. ते बेने इस्राएल समाजाचे, म्हणजे कोकणातले यहुदी. दुसऱ्या म्हैसूर युद्धात (1780 ते 1784) ते टिपूच्या सैन्याच्या हाती लागले. त्या युद्धात धरले गेलेले कंपनीचे कितीतरी लोक कैदेतच संपले. दिवेकर वाचले. कसे वाचले, याची जी हकीकत बेने इस्राएल घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, ती आपल्या घरांतून मात्र कोणी सांगत नाही.

कैद्यांना त्यांची जात विचारली जात होती. दिवेकरांनी आणि त्यांच्याबरोबरच्यांनी सांगितले, "आम्ही बेने इस्राएल." ही बातमी टिपूच्या मातोश्रींच्या कानावर गेली. त्यांनी मुलाला म्हटले की, बनी इस्राईलचा उल्लेख आपण कुरआनमध्ये इतक्या वेळा वाचतो, ती माणसे आजवर डोळ्यांनी पाहिली नव्हती. यांना मारू नकोस. आणि त्यांचे प्राण वाचले.

कुरआनची सतरावी सूरह बनी इस्राईल या नावानेही ओळखली जाते, हे आपल्या मुलांना मदरशात शिकवतात. त्या सूरहचे नाव धारण करणारी माणसे आपल्याच कोकणात तेल गाळीत होती, शेती करीत होती, हे कोणी शिकवीत नाही. टिपूच्या आईचे आम्हाला विशेष वाटते ते यासाठी. लढाई चालू होती. समोरचा माणूस शत्रूच्या गणवेशात होता. तरी त्या बाईला आधी तिलावतमधले नाव आठवले.

कैदेत असताना दिवेकरांनी नवस केला होता, सुखरूप सुटलो तर अल्लाहचे घर बांधीन. सुटले, मुंबईला आले आणि 1796 मध्ये त्यांनी मांडवी भागात ते बांधले. 'शाआर हाराहामीम' हे त्याचे हिब्रू नाव, म्हणजे रहमतीचे दार. रहम हा शब्द त्यात ऐकू येतो ना? तोच तो, दोन्ही भाषा एका कुळातल्या. बेने इस्राएल लोकांचे ते मुंबईतले पहिले प्रार्थनामंदिर. पण सिनेगॉग हा शब्द त्या काळी कोणाच्या तोंडी नव्हता. हे लोक त्याला सरळ मशीद म्हणत. पुढे 1840 च्या सुमारास जवळच दुसरे बांधले गेले तेव्हा ती झाली नवी मशीद आणि दिवेकरांची ती जुनी मशीद. रस्त्याला नाव पडले सॅम्युअल स्ट्रीट. 1860 मध्ये जुनी मशीद नव्याने बांधली गेली. रेल्वे आली आणि स्टेशनला मस्जिद हे नाव पडले ते याच मशिदीवरून, असे मुंबईचा इतिहास लिहिणारे सांगत आले आहेत. फुफींना हे इतिहासकारांकडून कळले नव्हते. त्यांना ते रोह्याला शेजारणीने सांगितले होते.

मशीद बांधून झाली तरी तिच्यात तौरातची गुंडाळी हवी. चर्मपत्रावर हाताने लिहिलेली, एक अक्षर चुकले तर बाद ठरणारी. ती मुंबईत मिळत नव्हती. ती आणण्यासाठी दिवेकर कोचीनला गेले, कारण तिथे यहुद्यांची जुनी वस्ती होती. तिथेच 1797 मध्ये त्यांचे निधन झाले. घर उभे राहिले आणि वर्षाच्या आत घर बांधणारा परक्या गावी गेला.

आता कोणी विचारील, तोवर यांचे चालत कसे होते? त्यांची परंपरा सांगते की, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला एक गलबत फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बाकीच्यांना तिथेच पुरले. ग्रंथ समुद्रात गेले. वाचलेले लोक गावोगाव विखुरले आणि त्या गावांची नावे लावू लागले. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, चेऊलचे चेऊलकर. जुने हिंदी चित्रपट पाहणाऱ्यांना 'बूट पॉलिश'मधले डेव्हिड आठवतील. ते हेच, डेव्हिड अब्राहम चेऊलकर. तेलाचे घाणे चालवीत, पण शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. शेमा ही एक प्रार्थना त्यांच्या ओठी राहिली होती. मुलाची सुन्नत आठव्या दिवशी होई. खवले आणि पर नसलेला मासा ते खात नसत. ग्रंथ नाही, आलिम नाही, तरी एवढे शतकानुशतके टिकले. आपल्याकडे किताब घरात आहे, गल्लीत मस्जिद आहे, आणि तरी काय काय सुटत चालले आहे, हे ज्याने त्याने आपल्या घरात पाहावे.

पुढे डेव्हिड राहबी नावाच्या एका यहुदी विद्वानाने त्यांना ओळखले आणि झिराडकर, शापूरकर, राजपूरकर या तीन घराण्यांतल्या माणसांना धर्माचे शिक्षण दिले. हे तिघे गावोगाव फिरून लग्ने लावीत, सुन्नत करीत, भांडणे मिटवीत. लोक त्यांना काय म्हणत? काजी! त्यांच्या उपवासांना रोजा म्हणत. वालाचे बिरडे खाऊन धरायचा तो बिरड्याचा रोजा. आणि सणासुदीला, लग्नाआधी, नवस फेडताना ह. इलियास (अलै.) यांच्या नावाने ताट भरतात. गोड केलेले पोहे, वर ओले खोबरे, भोवती फळे. त्या ताटाला मलिदा म्हणतात. मलिदा शब्द आपल्याकडच्या किती घरांत चालतो, हे सांगायला नको. कोणी कोणाकडून घेतला याचा वाद घालण्यात आम्हाला रस नाही. एकाच पाणवठ्यावर भरलेल्या घागरी आहेत.

तर मग मशिदीने काय वेगळे केले? आमच्या मते इथे खरी गोष्ट आहे. यहुदी शरियतमध्ये पूर्ण सामूहिक प्रार्थनेसाठी तेरा वर्षांवरचे दहा पुरुष जमावे लागतात. नऊ जमले तर तौरातची गुंडाळी उघडून वाचता येत नाही. कोकणातल्या खेड्यात इस्राएलांची घरे दोन-चार. दहा कुठून आणायचे? अठराव्या शतकाच्या मध्यापासून ही माणसे फौजेत, गोदीत, बांधकामावर कामाला मुंबईत येऊ लागली, तेव्हा कुठे संख्या झाली. दिवेकरांनी त्या संख्येला छप्पर दिले. छप्पर मिळताच जमात उभी राहिली. प्रमुख तो मुकादम, त्याच्या मदतीला चौगुले, हिशेब ठेवणारा गबई, प्रार्थना चालवणारा हजान. नवरा-बायकोचे भांडण, वारसाचा तंटा, विधवेची सोय हे सगळे तिथे बसून निकाली निघे. वरच्या सज्जात बायका, खाली पुरुष. तोंड पश्चिमेला, कारण मुंबईहून जेरुसलेम पश्चिमेला आहे. काबाही पश्चिमेलाच. एकाच मोहल्ल्यात दोन समाजांची तोंडे एकाच दिशेला होत होती.

मुंबईत जमले ते कोकणात परत गेले. 1848 मध्ये अलिबागच्या इस्राएल आळीत, 1849 मध्ये पनवेलला प्रार्थनामंदिर झाले. 1879 मध्ये ठाण्याला. आणि ही मंडळी जे शिकली ते मराठीतून शिकली. वल्हांडणाच्या रात्री घराघरांत वाचायचे 'हगादा' हे पुस्तक 1846 मध्ये मुंबईत हिब्रू आणि मराठीत छापून निघाले, 1874 मध्ये पुण्यात पुन्हा निघाले. ह. इब्राहीम (अलै.) यांच्या कथेवर कीर्तनेसुद्धा झाली, टाळ-मृदंगासह! धर्म घरात पोहोचवायचा तर आईच्या भाषेत पोहोचवावा लागतो, हे त्यांना दीडशे वर्षांपूर्वी कळले होते. आपले हे मासिक मराठीत का काढता, उर्दूत का नाही, असे आम्हाला आजही विचारले जाते, म्हणून हा उल्लेख.

मशिदीनंतर शाळा. हाईम सॅम्युअल किहीमकर यांनी 1875 मध्ये मुंबईत इस्राएली मुलांसाठी शाळा काढली. मराठी, इंग्रजी आणि हिब्रू, तिन्ही. पुढे ती माझगावला स्थिरावली आणि सर एली कदूरी यांच्या देणगीमुळे तिला त्यांचे नाव मिळाले. 1948 नंतर बेने इस्राएल मोठ्या संख्येने इस्राएलला गेले. त्या सुमारास ते वीस हजारांच्या आसपास होते, आज सगळे मिळून चार-पाच हजार उरले असतील. शाळेच्या बाकांवर मुले उरली नाहीत. मग त्या बाकांवर कोण बसले? माझगाव, भायखळा, डोंगरीची आपली मुले. आज तिथले बहुसंख्य विद्यार्थी मुस्लिम घरांतले आहेत. शाळेचे नाव बदलले नाही, दारही बंद झाले नाही. कोलकात्यात याची दुसरी बाजू दिसते. तिथली जुनी सिनेगॉग झाडूनपुसून, दिवे लावून सांभाळणारे राखणदार पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान आहेत. त्यांना कोणी सर्वधर्मसमभावाचे व्याख्यान दिले नसावे. ती त्यांची नोकरी आहे, आणि अमानतही.

जे गेले त्यांचेही सोपे झाले नाही. तिथल्या मुख्य धर्मगुरूंनी शंका काढली की, हे काळेसावळे मराठी बोलणारे लोक खरे यहुदी कशावरून? यांच्याशी विवाह लावताना आधी वंश तपासा. बेने इस्राएल रस्त्यावर उतरले, धरणे धरले, तेव्हा 1964 मध्ये त्यांना पूर्ण यहुदी मानले गेले. शेकडो वर्षे शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांना आपण कोण हे कागदावर सिद्ध करावे लागले. ही वेदना समजायला आपल्या वाचकांना फार कष्ट पडू नयेत. तिथे गेल्यावरही त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक काढले.

आता पुतण्याच्या रागाकडे येऊ. तो राग खोटा नाही. गाझात घरे, इस्पितळे, मुले यांचे जे झाले ते पाहून ज्याचे मन पेटत नाही त्याच्या ईमानाची आम्हाला काळजी वाटेल. त्या सरकारचा निषेध करावा, दुआ करावी, मदत पाठवावी, सभेला जावे. पण त्या रागाचे बिल मांडवीतल्या मशिदीच्या दारात नेऊन फाडायचे, हे आम्हाला कुठल्याच हिशेबात बसत नाही. कुठे दूर कोणी मुसलमानाने गुन्हा केला की आपल्याकडे रोखून पाहिले जाते, तेव्हा आपण काय म्हणतो? आमचा काय संबंध? मग तेच माप दुसऱ्याला लावताना हात का आखडावा?

सूरह हजमध्ये अल्लाहने ज्या घरांचे रक्षण व्हावे म्हणून जुलमाचा प्रतिकार करण्याची परवानगी सांगितली, त्यात मठ आहेत, चर्च आहेत, यहुद्यांची प्रार्थनामंदिरे आहेत आणि मग मस्जिदी आहेत. मस्जिदींचा उल्लेख त्या यादीत शेवटी येतो, हे आम्ही आमच्या दर्समध्ये ऐकले तेव्हा दोनदा विचारून खात्री करून घेतली होती. सूरह मुमतहिनामध्ये तर, जे धर्मावरून तुमच्याशी लढले नाहीत, ज्यांनी तुम्हाला घराबाहेर काढले नाही, त्यांच्याशी भलाईने आणि न्यायाने वागण्याला मनाई नाही, असे स्पष्ट सांगितले आहे. मदीनेला आल्यावर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी जो करार केला त्यात यहुदी टोळ्यांना त्यांचा धर्म आणि मुसलमानांना त्यांचा, असे होते. पुढे काही टोळ्यांशी युद्धे झाली. ते कोणी लपवू नये. पण त्या युद्धांचे कारण करारभंग होते, त्यांचे यहुदी असणे नव्हे. एका यहुद्याची मय्यत जाताना प्रेषित (स.) उठून उभे राहिले. सहाबांनी म्हटले, हा तर यहुदी. त्यावर, तो जीव नव्हता का, असे त्यांनी विचारले. बुखारीत ही हदीस आहे. पुतण्याला ती पाठ नव्हती. आता आहे.

आणि 2008 चा नोव्हेंबर आठवा. कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये, जे यहुद्यांचे केंद्र आणि प्रवाशांचे उतरण्याचे ठिकाण होते, तिथे सहा जण मारले गेले. हल्लेखोरांची प्रेते दफन करण्याची वेळ आली तेव्हा मरीन लाइन्सच्या बड्या कब्रस्तानच्या विश्वस्तांनी जागा द्यायला नकार दिला. मुंबईच्या मुसलमानांनी त्या दिवशी एकही भाषण न करता आपली बाजू सांगितली. 2014 मध्ये ते केंद्र पुन्हा उघडले. 2016 मध्ये महाराष्ट्र शासनाने यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. म्हणजे कागदावरही आता आपण एकाच रांगेत उभे आहोत.

फुफींना आम्ही खोदून विचारले, तुमच्या शेजारणीचे काय? त्यांनी सांगितले ते असे. ईदच्या सकाळी त्यांची आई शीरखुर्म्याचे भांडे घेऊन शेजारी जायची. कधी कधी ती इस्राएल बाई भांडे घ्यायची, झाकून ठेवायची आणि म्हणायची, "आज घरात मटण झालंय गं, दूध उद्या खाऊ." मांसाबरोबर दूध त्यांच्यात चालत नाही. म्हणूनच त्यांच्या रश्श्यात दह्याऐवजी नारळाचे दूध असते. फुफींच्या आईला हे कळल्यावर तिने एक केले. पुढच्या ईदला ती आदल्या दिवशीच विचारून यायची, उद्या तुमच्याकडे काय शिजणार? आणि त्याप्रमाणे भांडे सकाळी जायचे किंवा रात्री उशिरा. त्यांच्या सणाला चिकाचा हलवा यायचा. गव्हाचा चिक काढायला दोन दिवस जातात, म्हणून तो खाताना कोणी घाई करायची नाही, असा घरात नियम होता. 1960 नंतर केव्हातरी ते कुटुंब गेले. त्यांचे घर कोणी विकत घेतले हे फुफींना आठवत नाही. हलव्याची चव आठवते.

ईदनंतरच्या आठवड्यात आम्ही पुतण्याला घेऊन पुन्हा मस्जिदला उतरलो. या वेळी खरेदी नव्हती. गोण्या, हातगाड्या, मसाल्याची शिंक आणणारी हवा यांतून वाट काढीत सॅम्युअल स्ट्रीटला पोहोचलो. इमारत रस्त्याच्या गर्दीत सहज दिसत नाही. पलीकडच्या दुकानदाराला सिनेगॉग कुठे म्हणून विचारले तर त्याला कळेना. मशीद, इस्राएलांची मशीद, असे पुतण्यानेच म्हटल्यावर त्याने बोटाने दाखवले. दारावर हिब्रू अक्षरे होती. आतून एक वयस्कर गृहस्थ आले, शुद्ध रायगडी मराठीत म्हणाले की, आज आत सोडता येणार नाही, आधी कळवून या. पुतण्याने विचारले, "तुमच्याकडे अजून दहा माणसे जमतात का?" गृहस्थांनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिले. "सणाला जमतात," ते म्हणाले. "एरवी फोन करावे लागतात."

परवा पुतण्याने भेटीसाठी अर्ज लिहिला आहे. मराठीतच लिहिला. वर तारीख घालताना त्याने आम्हाला विचारले की, शनिवार सोडून कुठला वार घालू?